हेडखालचं लाकूड

चमचा खाली पडला आणि फरशीवर दोनदा वाजला.

ताटांचाही आवाज होऊ नये अशा बेताने आम्ही जेवत होतो. नवरा डाव्या हाताने भात खायला शिकत होता. उजव्या हाताच्या दोन बोटांची उरलेली पेरं पांढऱ्या पट्टीत, कोपर टेबलावर, हात वर. वर्गात बाईंना उत्तर द्यायला हात वर केलेल्या मुलासारखा. नऊ दिवस तो तसाच बसत होता. चमचा उचलायला मी वाकले, तोही वाकला आणि आमची डोकी आपटली. एरवी हसलो असतो.

"जुनं होतं ते काय वाईट होतं?" सासूबाईंनी पातेल्याला विचारलं. उत्तर मात्र माझ्याकडून हवं होतं.

सासऱ्यांनी मान वर केली नाही. "उद्या सकाळी माणूस येतोय. नवं पॅनल उतरवायचं, जुनं कपाट परत चढवायचं. सगळं आहे कोपऱ्यात, ताडपत्रीखाली."

नवं पॅनल म्हणजे माझं पॅनल. शेडमधल्या मशीनसाठी पाच महिने खपून मी ते बांधलं होतं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, विचारलं तर त्याहून नाही. स्वयंपाकघरातली एखादी बरणी इकडची तिकडे करावी तसं ते बोलले आणि पुढचा घास घेतला.

"तुझं काय म्हणणं आहे?" मी नवऱ्याला विचारलं.

"माझं काय. तुझी चूक आहे असं मी कुठे म्हणतोय?"

"माझी चूक नाही, असं तरी कुठे म्हणतोयस?"

तो पट्टीकडे बघत राहिला. आमची मुंगी, साडेचार वर्षांची, टेबलाच्या कडेवरून फक्त डोळे दाखवत सगळ्यांची तोंडं वाचत होती. तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही असं मी ठरवलेलं. म्हणून तो राग नऊ दिवस मी कणकेत मळला, भांड्यांत घासला, तिच्या वेणीत गुंफला. वेणी इतकी घट्ट झाली की ती म्हणाली, "आई, माझे डोळे ओढले जातायत." मग वेणी सोडून, तिच्या डोक्याचे मुके घेत मी पुन्हा सैल घातली.

आमच्या शेडमध्ये एक मोठं मिलिंग मशीन आहे. लोखंडाचे ठोकळे कापून त्यांना आकार देणारं. सासरे त्याला हत्तीण म्हणतात. तरुणपणी त्यांनीच ती आणली, बसवली आणि जन्मभर चालवली. हत्तिणीचं लोखंड अजून खणखणीत होतं, डोकं मात्र गेलं होतं. तिला हुकूम देणारं कपाटाएवढं जुनं कंट्रोल, त्याचा हिरवा पडदा, आतली पत्र्यासारखी मोठी कार्डं, सगळं आठवड्यातून दोनदा मान टाकायचं. नवरा कार्ड बाहेर काढायचा, खोडरबराने त्याच्या पिना पुसायचा, परत खोचायचा आणि हात जोडायचा. असं किती दिवस चालणार?

लग्नाआधी सात वर्षं मी पॅनल बांधायचंच काम केलं होतं. मीच म्हटलं, मी करते. नवं कंट्रोल, मोटारींना वीज देणारे नवे ड्राइव्ह, नव्या मोटारी. लोखंड तेच ठेवायचं. सासरे म्हणाले, "कर की. शिवणकाम बरं करतेस, वायरीही शिवशील." नवरा हसला. मीही हसले, कारण काम हवं होतं.

मुंगी दुपारी झोपली की ते दोन तास माझे. शेडच्या केबिनमध्ये घोंगडी अंथरून तिला निजवायचं आणि दाराच्या फटीतून तिचे तळवे दिसतील असं माझ्या पॅनलचं कपाट वळवून काम करायचं. तळवे हलले की स्क्रूड्रायव्हर खाली. जागी झाली की वायरींवर चढवायच्या नंबरांच्या पिवळ्या नळ्या ती मला लावून द्यायची. एकशेचाळीस वायरी. ती सात आणि एकमध्ये घोटाळायची, बाकी चोख. आजही ते दार उघडलं तर आत तिच्या बोटांएवढ्या अंतराने लावलेले नंबर दिसतील. त्या कपाटात माझं किती काय आहे ते त्या घरात कुणाला सांगू?

अडीच महिने मशीन सुरेख चाललं. मग तो दिवस. कटर घासल्यासारखा आवाज आला म्हणून नवऱ्याने लाल बटन दाबलं. बटन दाबलं की मोटारींची वीज जाते आणि वरच्या ब्रेकने हेड जागच्या जागी धरून ठेवायचं असतं. हेड म्हणजे कटर धरणारा मशीनचा सगळा वरचा भाग, बैलाच्या वजनाचा. नवऱ्याने जॉबवरचा, म्हणजे कापायला लावलेल्या ठोकळ्यावरचा, भुगा झटकायला हात आत घातला. हेड गुपचूप खाली आलं. आरडाओरडा झाला तो त्याचाच.

सासऱ्यांनीच धावत जाऊन पहारीने हेड वर-खाली नेणारा मोठा स्क्रू उलटा फिरवला आणि हात सोडवला. दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हिच्या वायरींनी घात केला." त्यानंतर नऊ दिवस घरात तेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी बोलत होतं. सासूबाईंच्या तोंडी ते उसासा होऊन यायचं. नवऱ्याच्या तोंडी गप्प बसणं होऊन.

आणि मीही मशीनकडे फिरकले नव्हते. मलाच भीती होती. रात्रंदिवस मी मनातल्या मनात ते ड्रॉइंग उलगडत होते, ब्रेकची वायर कुठून कुठे जाते ते बोटाने चालत होते. पण उद्या माणूस आला, वायरी कापल्या गेल्या की विषय संपला. मग जन्मभर मी ती, जिने नवऱ्याची बोटं घालवली. आणि जुनं कपाट चढवूनही हेड पडलं तर? तेव्हा कुणाचा हात आत असेल?

जेवणं झाली. नवरा गोळी घेऊन आडवा झाला. मी खुंटीवरची शेडची किल्ली घेतली, पिशवीत मीटर टाकला आणि मुंगीच्या पायात चपला चढवल्या.

"कुठे?" सासूबाई.

"हिला फिरवून आणते."

"उन्हाची?"

"डोकं तापलंच आहे, आई. ऊन काय वेगळं करणार."

रविवारची शेड ओळखीची वाटत नाही. पट्टे बंद, पंखे बंद, तेलाचा वास तेवढा ताजा. मी खडूने जमिनीवर मोठा चौकोन काढला आणि मुंगीला आत बसवलं. "हे तुझं घर. बाहेर यायचं नाही, काही झालं तरी. शिंक आली तरी आतच शिंकायची."

"आणि शू आली तर?"

"तर हाक मारायची. मी उचलून नेईन."

"चालत नाही?"

"उचलून."

ती खूश झाली. खडूचा तुकडा मागून घेऊन घरात खिडकी काढायला लागली.

मी मशीनच्या टेबलावर एक जुना टायर ठेवला, हेड पडलंच तर त्यावर पडावं म्हणून. हेड वर नेलं. खांबावर त्याच्या खालच्या कडेशी खडूची रेघ मारली. मग कपाट उघडलं. ब्रेकच्या दोन वायरींना मीटर लावला. ब्रेकला वीज मिळाली की तो सुटतो, वीज गेली की आतल्या स्प्रिंगा त्याला आवळतात. मीटरवर चोवीस व्होल्ट. लाल बटन दाबलं. चोवीसचं शून्य, डोळा मिटायच्या आत. वर ब्रेकचा 'टक्' असा आवाज स्पष्ट आला.

म्हणजे माझ्या वायरी खरं बोलत होत्या.

मी पुढे येऊन पाहिलं. हेडची कड रेघेच्या खाली गेली होती. आणि जात होती. घाई नाही, आवाज नाही. दुपारी पोट भरलेला माणूस खुर्चीत घसरतो तसं. मिनिटभरात चार बोटं उतरून ते टायरवर टेकलं.

मी शिडी लावली. ब्रेकच्या झाकणाचे तीन स्क्रू काढले. आत घर्षणाची चकती असते, करकरीत, खरखरीत, बोट लावलं तर लागणारी. माझ्या हाताला गुळगुळीत, तेलकट काहीतरी लागलं. काढून उजेडात धरलं. चामडं होतं. मशीनच्या जुन्या पट्ट्यातून कात्रीने कापलेली चामड्याची चकती. कडेला पेन्सिलीची खूण अजून होती. इतकी वर्षं तेल पिऊन ती आरशासारखी झाली होती.

"खाली उतर."

सासरे दारात उभे होते. सासूबाईंनी लगेच बातमी दिलेली दिसत होती.

"पोर एकटी बसवलीस होय जमिनीवर?"

"मी घरात आहे, आजोबा," मुंगी म्हणाली. "चपला काढून या."

ते खरंच चौकोनाशी थबकले. मी उतरले आणि चकती त्यांच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"ब्रेक."

"हा ब्रेक? हा चपलेचा तळवा आहे, बाबा."

"तेव्हा चकती मिळत नव्हती. दोन महिने मशीन बंद होतं. मी हाताने केली. लोक बघायला आले होते." आवाजात अजून तो जुना ताठा होता. "अठ्ठावीस वर्षं चालली ती."

"ती नाही चालली. तुम्ही चालवून घेतलीत."

मी वळून मागच्या फळीवरून लाकडाचा ठोकळा काढला. कुणी पाहिला नसेल असा तो ठोकळा नव्हता. वीतभर उंच, काळपट, वरच्या बाजूला हेडच्या नाकाने पडलेला गोल खळगा, वाटीसारखा खोल. रोज संध्याकाळी मेन स्विच पाडायच्या आधी ते हा ठोकळा हेडखाली सरकवायचे. घरून निघताना गॅस बघावा तसं.

"ब्रेक धरत नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"जुन्या मोटारी जड होत्या. वीज गेली तरी घासत राहायच्या, हेडला थोपवून धरायच्या. उतरायचं ते केसभर, रात्रभरात. लाकूड लावलं की झालं. तुझ्या मोटारी हलक्या. त्या थोपवत नाहीत."

"मग मला सांगायचंत ना! नव्या चकतीची ऑर्डर दिली असती, आठ दिवसांत आली असती. तुम्ही रोज माझ्या मागे उभे राहून मी वायरी कशा शिवते ते बघत होतात. शिवणकामावर विनोद करायला तोंड होतं, आणि एवढं एक वाक्य बोलायला नव्हतं? त्याची बोटं गेली, बाबा! तुमच्या मुलाची! आणि तुम्ही दवाखान्यात माझ्या नावाने..."

मी ओरडत होते. मुंगीसमोर ओरडायचं नाही हे विसरून, शेडचा पत्रा वाजेल असं ओरडत होते. मुंगीने खडू खाली ठेवला. मला आणखीच चढत गेलं.

"चाचणीच्या दिवशीही तुम्हीच होतात इथे. मी कपाटामागे होते. मी स्विच पाडला, दहा मिनिटं थांबले, परत चालू केला. हेडच्या उंचीचा आकडा जागचा हलला नव्हता. मी म्हटलं, ब्रेक धरतो. आणि तो धरत नव्हता! तुम्ही पुढून लाकूड सरकवलं होतंत!"

"सवय आहे. स्विच पडला की हात आपोआप जातो."

"हात आपोआप जातो, मग तोंड का नाही उघडत आपोआप?"

आता मात्र त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

"तू विचारलंस?" ते हळू आवाजात म्हणाले. "पाच महिने माझ्या शेडमध्ये होतीस. फोटो काढलेस, मापं घेतलीस, जुनी पुस्तकं चाळलीस. एकदा म्हणालीस, की बाबा, या हत्तिणीचं कुठे दुखतं, तुम्ही एवढी वर्षं सांभाळलीत, सांगा? मला तू त्या ताडपत्रीखालच्या कपाटाशेजारी उभं करून ठेवलंस. जुना माल."

"म्हणून सांगितलं नाहीत? रुसून?"

"आणि लाकडाचं म्हणतेस." ते थांबले. "त्या दिवशी तू कपाटामागून पुढे आलीस. लाकूड हेडखालीच होतं. तू पाहिलंस ते. मी बघत होतो तुझ्याकडे. म्हटलं, आता विचारेल, हे कशाला? विचारलं असतंस तर सगळं सांगितलं असतं. तू कागदावर बरोबरची खूण केलीस आणि पोरीला उठवायला गेलीस."

मला तो कागद दिसत होता. 'ब्रेक: ठीक.' खूण माझी, खाली तारीख माझ्या अक्षरात.

मी पाहिलं होतं. लाकूड मी पाहिलं होतं. म्हाताऱ्याची खोड, असं मनात म्हटलंही होतं. केबिनमध्ये मुंगीचे तळवे हलायला लागले होते, दोन तास संपले होते, आणि विचारावं तर ते म्हणाले असते, 'एवढंही माहीत नाही? आणि म्हणे पॅनल बांधते.' तेवढं एक ऐकून घ्यायचं नव्हतं मला. तेवढ्यासाठी.

तरीही माझा राग विझला नाही. उलट, आता तो कुठे ठेवावा ते कळेना. त्यांच्यावर ठेवावा तर अर्धा परत येत होता, आणि स्वतःवर ठेवावा तर हे समोर उभे होते ना, अठ्ठावीस वर्षं झाकलेली मूठ घेऊन, सुनेच्या नावाने बोंब मारून. नऊ दिवस मला जळताना बघत यांना घास गेलाच कसा?

"उद्याच्या माणसाला नको म्हणून सांगा," मी म्हटलं. "आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी फोन काढला. चष्मा नव्हता, म्हणून नंबर मीच लावून दिला. "येऊ नका. काम निघालं नाही," एवढंच बोलून त्यांनी तो बंद केला.

"आणि तुमच्या मुलाला?"

"मी सांगतो."

"सगळं?"

"सांगतो म्हटलं ना."

त्यांनी वाकून मुंगीला चौकोनातून उचललं. ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली, गालाला खडू लागलेली. ऊन पाठीवर होतं. त्यांची चाल मला कधी नव्हे ती म्हातारी वाटली आणि तशी वाटल्याचाही मला राग आला.

घरी चहा झालेला होता. नवरा उठून टेबलाशी बसला होता, हात तसाच वर. सासऱ्यांनी मुंगीला खुर्चीवर ठेवलं, स्वतः समोर बसले आणि कपाच्या कानाशी बोट फिरवत म्हणाले,

"बघून आलो. ब्रेकची चकती झिजलीये. हेड त्याने पडलं. वायरिंगचा दोष नाही. उद्याच्या माणसाला नको म्हटलंय. नवी चकती घालू, पॅनल राहू दे."

आणि कप उचलला.

मी वाट बघत होते. पुढचं येईल, आता येईल. त्यांनी चहा फुंकला, प्यायले.

"बघ!" नवरा माझ्याकडे वळला. नऊ दिवसांनी त्याचा चेहरा उघडला होता. "मला वाटतच होतं ब्रेकचं काहीतरी. म्हणत नव्हतो मी?"

म्हणत नव्हता. एकदाही नाही. पण त्याने डावा हात पुढे करून माझं मनगट धरलं, आणि तो हात इतका गरम, इतका सुटल्यासारखा होता की माझ्या घशाशी आलेलं तिथेच थांबलं.

"झिजायचंच," सासूबाई म्हणाल्या. "लोखंड काय, माणूस काय. चला, सुटलं एकदाचं. बिस्किटं काढू का?"

"काढ," सासरे म्हणाले. कपावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मला स्वच्छ वाचता आलं. माझं मी ठेवतो, तुझं तू ठेव. कागदावरची ती खूण मी कुणाला दाखवत नाही. त्यांनी डोळे मिटले-उघडले, सौदा झाल्यासारखे. माझ्या हातावर नवऱ्याचा हात होता, माझं पॅनल जागेवर राहणार होतं, आणि ज्याची बोटं गेली त्याला सोडून टेबलाशी सगळ्यांना हवं ते मिळालं होतं. चीड अशी आली की कप भिंतीवर आपटावा. मी तो बशीत नीट ठेवला.

मुंगी खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली. आधी तिने आजोबांकडे पाहिलं, मग पप्पांच्या पट्टीकडे. बिस्किट हातात तसंच. मग ती माझ्याकडे वळली, आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"आई, पप्पांना लाकडाचं तू सांगणार आहेस की आजोबा?"